देवाजवळची एक गोळी

दवाखान्यातली दिव्यानी सिस्टर गोळ्या मोजत होती, अन् माहा जीव खालवर होऊन राह्यला होता.

"वच्छलाबाई, एक गोळी कमी आहे," ते म्हणली. "जंगूभाऊनं जास्तीची खाल्ली का? खरं सांगा. पत्ता लागला नाई तं नव्या औषधाच्या चाचणीतून नाव कटते."

जंगू माहा नवरा. त्याच्या अन्ननळीत कॅन्सर निघाला. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, मी बोंबलून थकली, पण ऐकन तो बुढा कसला! आता एटापल्लीहून दोन एसट्या बदलून दर महिन्याले शहरात येतो आमी. मशीनचा शेक तं आधी सगळ्यायलेच देल्ला, आता त्याच्यावर ही नवी गोळी. अर्ध्या लोकायले औषधाची, अर्ध्यायले खाली, औषध नसलेली. दिसायले सारखीच. कोणाले कोणती भेटली, ते डॉक्टरलेबी माहीत नाई. डॉक्टरनंच हे समजावून सांगतलं, मंग आमी अंगठा देल्ला.

आता सांगा बाप्पा, डॉक्टरले माहीत नाई तं विचाराव कोणाले? आमच्या गावात बैल हरपला तरी देवाले विचारतात. मी गेली पोचू पुजाऱ्याकडं. त्यानं गोळी पळसाच्या पानावर ठेवली, तांदूळ टाकले, दाण्यायच्या जोड्या लावल्या. एक दाणा उरला. माह्या कानाशी येऊन म्हणला, "खाली आहे. जंगूले सांगू नको." देवापुढं ठेवलेली गोळी परत कशी उचलाव? तिथंच राह्यली.

घरी येऊन मी ठणकावून सांगतलं, "अस्सल आहे म्हणते देव! गिळा!" रोज दोन टाइम पाण्याचा गिलास घेऊन पुढं उभी राहात होती मी. अन् मंग गोठ्यात जाऊन रडत होती.

सिस्टरले मी देवाचं सांगून टाकलं, गोठ्याचं नाई सांगतलं.

"मग देव काय म्हणला?" सिस्टरनं पेन ठेवून देल्ला.

"अस्सल..."

"खाली म्हणला," बाजूले बाकावर बसलेला जंगू मधीच बोलला.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"पोचूनं. म्हणला, वच्छलाले सांगू नको, उगाच रडन."

"मुडदा बसवला त्या पोचूचा! मलेबी तसंच म्हणला!" मी ताडकन उभी राह्यली. "अन् तुमी महिनाभर खाली गोळी काऊन गिळली जी?"

"तू अस्सल म्हणून देत होती ना."

मले रडू आलं, रागबी आला. कोणतं आधी काढाव तेच समजेना.

सिस्टरनं कागदावर लिहिलं, एक गोळी देवाजवळ. मंग म्हणली, "तांदळाच्या दाण्यावरून औषध कळत नाई, बाई. गोळी चालूच ठेवा. जंगूभाऊ, गिळताना कसं वाटते? भात जाते का?"

"पेज जाते. परवा भाताचे चार घास गेले."

"चार घास!" मी त्याच्यावर खेकसली. "अन् मले सांगतलं नाई?"

"सांगणार होतो," जंगू म्हणला. "तू गोठ्यात होती."