घरात न न्यायचा काटा

मी एक म्हातारा साळिंदर आहे. दात पिवळे, पाठभर काटे आणि स्वभाव थोडा तिरसट. मित्रांनो, आधी एक गोष्ट मिटवून टाकू. मी काटे फेकून मारत नाही. ती निव्वळ थाप आहे! राग आला की मी पाठ फुगवतो आणि शेपूट खुळखुळवतो, एवढंच.

नाशिक रोडहून सिन्नरकडे जाताना जयराम आणि केरू या दोघा भावांचा मळा लागतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर जयरामची बायको नवसाबाई हिला मी तिथल्या बांधात सापडलो. तळहाताएवढा होतो. भुईमूग उकरणारं जनावर म्हणून दुसऱ्या कुणीही मला ठेचलं असतं. तिनं मला पदरात घेतलं. मळ्यात दोन मोर, ससे आणि एक लंगडं माकड आधीच होतं. माझी भर पडल्यावर केरूनं पत्र्यावर 'जयराम-केरू प्राणीबाग' असं रंगवलं आणि पत्रा रस्त्याला लावला.

रविवारी नाशिक रोडच्या प्रेसमधले कामगार बायकापोरांना घेऊन यायचे. मी दिवसा झोपणारा प्राणी आणि पाहुणे यायचे भर दुपारी! "उठवा की वो त्याला!" पोरं ओरडायची. मग नवसाबाई जाळीशी येऊन म्हणायची, "उठ रं माझ्या राजा, पाव्हणं आल्यात." तिच्यासाठी मी उठायचो, शेपूट खुळखुळवायचो आणि पोरं टाळ्या पिटायची. संध्याकाळी ती रताळी घेऊन माझ्यापाशी बसायची आणि दिवसभराचं सगळं मला सांगायची. मला फार बरं वाटायचं.

एकच गोष्ट मनाला लागायची. माझे गळलेले काटे ती वेचायची आणि बांधापलीकडे पुरून टाकायची. एखाद्या पोरानं काटा मागितला तर म्हणायची, "नको रं बाबा, साळिंदराचा काटा घरात आला की भांडणं लागत्यात." मोराचं पीस पोरांच्या पुस्तकात आणि माझा काटा मातीत! वाईट वाटायचं हो.

पुढे केरूला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली. बाग मोडून द्राक्षं लावू, असं तो म्हणू लागला. "मुकी जनावरं कुठं सोडू?" जयराम विचारायचा. दोघे माझ्या पिंजऱ्यासमोरच भांडायचे. अशात एके दिवशी केरूची बायको सिंधुबाई माझ्या काट्यानं भांग पाडताना नवसाबाईला दिसली.

"अगं, ह्योच काटा नडला! घर मोडलंस सिंधू!"

"बाई, कालच उचलला मी त्यो," सिंधुबाई रडत म्हणाली. "भांडणं तर कवाधरनं चालल्यात."

खरं तेच होतं. पण साळिंदराची साक्ष काढतो कोण?

केरू बिऱ्हाड घेऊन अंबडला गेला. जयरामनं पत्र्यावरच्या त्याच्या नावाला डांबर फासलं. मोर मेले, माकडही गेलं, ससे कुणी कुणी मागून नेले. पाहुणे येईनासे झाले. आणि नवसाबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. रताळं लांबून टाकायची, तेही तोंड फिरवून. मी शेपूट खुळखुळवलं की भराभरा निघून जायची. मित्रांनो, एक वेळ उपाशी राहिलो असतो. हे मात्र सोसवेना.

गेल्या वर्षी जयराम वारला. केरू दहाव्याला आला आणि घरात पाऊल न टाकता परत गेला.

काल संध्याकाळी नवसाबाई आली आणि कितीतरी वर्षांनी जुन्या जागी बसली. "राजा," ती म्हणाली, "घरात भांडं वाजलं तरी माझ्याच हातचं वाजतं रं." मग तिनं माझा एक गळलेला काटा उचलला. आता ही बांधाकडे जाणार, असं मला वाटलं. तिनं तो अंबाड्यात खोवला.

"चल घरात," ती काट्याला म्हणाली. "लागू दे भांडण. भांडायला तरी कुणी येईल."

मी शेपूट जोरात खुळखुळवलं. ती डोळे पुसत घरात गेली.

मित्रांनो, एक मागणं आहे. एखाद्या रविवारी या. मी झोपलेला असेन. खुशाल ओरडा, मला राग येणार नाही. नवसाबाईला मला उठवायला यावं लागेल.