मॅकरॉन आणि बकुळाबाईंचं नाव

सुनेनं सासूला कुकर लावायला बंदी करावी, हे कुठल्या घरातलं वागणं? बकुळाबाई सकाळपासून हेच विचारत होत्या. भोईवाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दुपार झाली तरी डाळ शिजली नव्हती. प्रितीनं बदामाचं पीठ, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा फेस कालवून ट्रेवर मॅकरॉनच्या, म्हणजे फ्रेंच बदामी बिस्किटांच्या, गोल टिकल्या पाडल्या होत्या. त्यांचा वरचा पापुद्रा सुकेपर्यंत घरात वाफ नको, असा तिचा हुकूम. मुलगा सम्यक मुकाट्यानं खालून वडापाव घेऊन आला.

"बायकोला एवढं घाबरतोस?"

"बाबांकडूनच शिकलो, आई."

दुपारनंतर टिकल्या भाजून निघाल्या. प्रत्येकीच्या बुडाला बारीक फेसाळ झालर. प्रितीनं दोन-दोन जोडून मध्ये आमसुलाचं क्रीम भरलं, डबे फ्रिजमध्ये ठेवले आणि खोके आणायला दादरला गेली.

आता बकुळाबाईंच्या घरात नवीन काही झालं आणि ते ताजं-ताजं मजल्यावर गेलं नाही, असं आजवर घडलेलं नव्हतं. बुद्धपौर्णिमेची त्यांची खीर वाफाळतीच दारोदार जायची. मजल्यावर त्यांचं नाव होतं ते त्यांच्या हातच्या चवीवर. शिळं कोण वाटतं? त्यांनी एक डबा काढला आणि निघाल्या.

शेजारच्या पद्मजानं चावून पाहिलं. "वर बत्तासा, आत लोणी. दोघांची अजून ओळख झालेली दिसत नाही, बकुळाताई."

"फ्रेंच आहे ते!"

"असेल बाई. त्यांना खीर जमत नसेल."

संध्याकाळपर्यंत अख्खा मजला हसत होता. प्रिती आली आणि कपाळाला हात लावून बसली. "आई, ते उद्याचे होते! क्रीमचा ओलावा पापुद्र्यात मुरावा लागतो."

"मुरायला लोणचं आहे काय?"

"तसंच समजा."

दुसऱ्या दिवशी प्रितीनं एक मॅकरॉन बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवला आणि ओट्याकडे वळली. बकुळाबाईंनी आधी नुसतं बघितलं. मग दात लावला. पापुद्रा हलकेच मोडला, आतला भाग मऊ, जरासा चिवट, आणि साखर डोक्यात जाणार एवढ्यात आमसूल आडवं आलं. बत्तासा कुठला आणि लोणी कुठलं, आता कळतही नव्हतं. त्यांनी न विचारता दुसरा घेतला. नाव कुणी घालवलं, हे त्यांना समजलं होतं; ते तोंडानं कबूल करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

बशी खाली ठेवून त्यांनी हाक मारली.

"प्रिती, माझ्या घरचं म्हणून सांगायला लाज वाटणार नाही, इतकं चांगलं झालंय. पण मुरायचं असतं, ते आधी तोंडानं सांगायचं. मला काय स्वप्न पडतंय? चल, डबा उचल. आधी पद्मजाचं दार. देणार तू, बोलणार मी."