दातदुखीचा रुमाल

घरातल्या एखाद्या दुखण्याचं खरं नाव शेजाऱ्याला सांगायचं नसलं, की आपण त्याला दुसऱ्याच दुखण्याचं नाव देतो. क्षयाला जुना खोकला म्हणतो, फिटला चक्कर म्हणतो. तुमच्या-माझ्या ओळखीच्या किती घरांत हे चालत असेल, ते सांगवत नाही. वरवंडच्या ज्ञानदेव दिवेकरांनी आपल्या बायकोच्या आजाराला दातदुखी म्हटलं, एवढंच. त्यांचा हेतू वाईट होता, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

ज्ञानदेव एका हायस्कूलात वरिष्ठ लिपिक होते. स्वभावानं सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची बायको गिताबाई पूर्वी बोलकी होती. पण दोन वर्षांपासून तिचं सगळं मंदावत गेलं होतं. चुलीवरचं दूध उतू जायचं आणि ती समोर बसून बघत राहायची. केस विंचरायचे राहायचे. कुणी विचारलं तर "काही नाही" म्हणायची. पुढं पुढं तेही म्हणेनाशी झाली. देवऋषाचा अंगारा झाला, दौंडच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळ्या बदलून पाहिल्या. झोप वाढली, पण गिताबाई काही परतली नाही. शेवटी दौंडच्या डॉक्टरांनीच त्यांना पुण्याला धाडलं. तिथल्या एका हॉस्पिटलात अशा रुग्णांवर नव्या उपचाराचं संशोधन सुरू होतं. ही २००६ सालची गोष्ट.

"शॉक देणार का?" ज्ञानदेवांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही. शॉक वेगळा," डॉ. शिरोळे म्हणाल्या. त्या पन्नाशीच्या, थकलेल्या पण नीट समजावून सांगणाऱ्या बाई होत्या. त्यांनी टेबलावरची एक जाडजूड वस्तू उचलून दाखवली. "ही कॉइल. आत तारेची वेटोळी आहेत. त्यातून क्षणभर वीज गेली की चुंबक तयार होतो. ही डोक्यावर बाहेरून टेकवायची, डाव्या बाजूला, कपाळाच्या वर. मेंदूतल्या मंदावलेल्या भागाला तेवढी टिचकी बसते. कापणं नाही, भूल नाही. बाई खुर्चीत जाग्याच असतील. टकटक आवाज येईल, कपाळाचा स्नायू थोडा उडेल."

"गुण येतो?"

"काहींना येतो. किती जणांना, ते शोधायलाच हे चाललंय. आणि एक गोष्ट आधीच सांगते. काहींना खरी कॉइल मिळते. काहींना तशीच दिसणारी, तसाच आवाज करणारी, पण चुंबकाचा जोर नसलेली. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मलाही ते माहीत नसतं."

"म्हंजी खोटं मशीन?"

"तुलना केल्याशिवाय खऱ्याचा गुण कळणार कसा? ज्यांना बिनजोराची, नुसती कॉइल मिळाली असेल, त्यांना शेवटी खरी देणार आहोत. अट एकच. रविवार सोडून रोज यायचं. खंड पडला, तर या अभ्यासातून, म्हणजे संशोधनातून, बाहेर." मग त्या गिताबाईंकडे वळल्या. "तुम्हाला यायचंय का? यांना नाही, तुम्हाला विचारतेय."

गिताबाईंनी त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

आता रोज जायचं कसं? वरवंडच्या थांब्यावरून सरळ पुण्याची एस.टी. मिळते. पण थांब्यावर सारा गाव उभा. ज्ञानदेवांनी रजा टाकली. पहाटे ते बायकोला मोटारसायकलवर बसवून आडवाटेनं केडगाव स्टेशन गाठत आणि दौंडहून येणारी पुण्याची पॅसेंजर धरत. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, "दातांचं काम काढलंय."

डब्यात रोजची माणसं असत. त्यात यवतला चढणारा कासुर्डीचा पोपटराव होता. पुण्यात एका छापखान्यात कामाला होता आणि जिभेला हाड नव्हतं. तो नेमका यांच्यासमोर बसायचा.

"काय सायेब, वहिनींना दात हायती तरी किती? आमची म्हातारी एवढ्या दिसांत सगळी कवळी बसवून आली, ऊस खायाला लागली."

ज्ञानदेव कसनुसं हसत आणि बायकोकडे वळत. डब्यात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते तिच्याशी बोलत. खुटबाव आलं, उरुळी आली, आपल्या लेकीनं, वैशूनं, काल डबा नेला, हेडमास्तरांचा चष्मा हरवला. घरी असं शेजारी बसून बोलल्याला किती काळ लोटला होता, याचा विचार त्यांनी तेव्हा केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोपटरावानं पुन्हा दातांचा हिशेब मागितला. खिडकीबाहेर बघत बसलेली गिताबाई वळली आणि म्हणाली, "दात बत्तीसच हायती भावजी, पर एकेकाला दोन-दोन मुळं हायती."

डबा हसला. पोपटराव सगळ्यांत मोठ्यानं हसला. ज्ञानदेवांना मात्र हसता आलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. त्या दिवशी घरी आल्यावर आमटी अळणी झाल्याचंही गिताबाईंनी सांगितलं. वैष्णवी, त्यांची मुलगी, स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. "आण्णा, आईनं मीठ मागितलं!"

आणि त्याच आठवड्यात हौसरावमामा स्थळ घेऊन आले.

हे ज्ञानदेवांचे मामा. शिरूर तालुक्यात राहायचे, सोयरिकी जमवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. इनामगावचा मुलगा, रांजणगावच्या कंपनीत कायम, घरची बागायत. वैष्णवीचा फोटो त्यांना आवडला होता. आता राहिली होती ती चौकशी. आपल्याकडं ही रीत अजून आहे. पाहुण्यांचं माणूस न सांगता गावात येतं. पिठाच्या गिरणीत दळणाची वाट बघत असल्यासारखं बसतं, न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसतं आणि सहज विचारतं, दिवेकरांचं घर कसंय?

"तू रोज पहाटं बायकूला घेऊन कुठं जातो, ते त्यांना कळलं म्हंजी?" मामांनी विचारलं.

"दाताचं सांगितलंय सगळ्यांना."

"तीन आठवडं दात? पाहुणे येडे हायती व्हय? अरे, पोरीची आई डोक्याच्या डॉक्टरकडं जाती म्हटल्यावर पोरगीबी तसलीच निघंल म्हणत्यात लोक. पंधरा दिस बंद कर. सुपारी फुटली की ने पुन्हा. मशीन काय पळून जातंय?"

वैष्णवी दारात उभी होती. "आण्णा, आई आता कुठं बोलायला लागलीय. खंड पडला तर घेणार नाहीत म्हणाल्यात ना डॉक्टरबाई?"

"तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"माझ्यासाठी चाललंय तर मला विचारा की."

ज्ञानदेवांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गिताबाई डोक्याला स्कार्फ बांधून अंगणात मोटारसायकलजवळ येऊन उभी राहिली. "आज नाही जायचं," ते म्हणाले. ती तशीच बराच वेळ उभी होती. पुढचे काही दिवसही उभी राहिली. मग यायची थांबली. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा ज्ञानदेवांनी मोबाईल बंद करून कपाटात ठेवला.

पाहुणे मुलगी बघायला आले त्या दिवशी गिताबाई पुन्हा पूर्वीसारखी झाली होती. विचारलेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. आता पाहुण्यांच्या बायका आत येणार, विहिणीशी बोलणार. मामांनीच तोड काढली. "दाढ सुजलीय म्हणून सांगू. तोंड बांधून टाक. बोलायचा प्रश्नच न्हाई."

ज्ञानदेवांनी आपला पांढरा रुमाल उलगडला, तिरका दुमडला आणि बायकोच्या हनुवटीखालून वर नेऊन डोक्यावर गाठ मारली. गाठ डावीकडं सरकली. कॉइल टेकायची त्याच जागी आली. ते त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी ती घट्ट केली.

मुलाची आई साधी, मायाळू होती. गिताबाईंजवळ सतरंजीवर बसली, कनवटीची पानसुपारीची चंची सोडून तिनं एक लवंग काढली. "दाढंखाली धरा, ताई. कळ थांबंल. मला ठाऊक हाय, दाताची कळ मस्तकात जाती." गिताबाईंनी लवंग घेतली आणि मुठीत धरून ठेवली. चार दिवसांनी इनामगावहून निरोप आला, मुलगी पसंत आहे.

पाहुणे गेल्यावर ज्ञानदेवांनी रुमाल सोडला होता. गिताबाईंनी तो उचलला आणि पुन्हा बांधला. रात्री वैष्णवीनं सोडला, सकाळी तो बांधलेला होता. मग तो रोजच राहिला. जेवताना वैष्णवी तो हनुवटीखाली सरकवायची आणि घास भरवायची.

पसंती येऊनही घरात कुणी पेढा खाल्ला नाही. एका सकाळी ज्ञानदेवांनी मोटारसायकल काढली आणि बायकोला तशीच, रुमालासकट, पुण्याला नेली.

"अभ्यास संपला," डॉ. शिरोळे म्हणाल्या. "मशीन आता दुसऱ्या गावी जाणार आहे, लकवा झालेल्यांवरच्या कामासाठी. तुम्हाला किती फोन केले आम्ही." त्यांनी गिताबाईंचा रुमाल पाहिला, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. "कुणाला काय मिळालं, ते आता उघड झालंय. तुमच्या पत्नीला नुसती कॉइल होती."

ज्ञानदेव खुर्चीत पुढं सरकले. "नुसती? मग ती बोलली कशी? गाडीत बोलली, घरी बोलली."

"नुसत्या कॉइलच्या गटातही काहींना बरं वाटतं. का, ते आम्हाला पूर्ण सांगता येत नाही. रोज ठरल्या वेळी उठणं, कुणी तरी विचारपूस करणं, आपण बरे होऊ असं वाटणं. तुम्ही गाडीत काय करायचात?"

"काही नाही. स्टेशनं सांगायचो. घरचं बोलायचो."

"आणि घरी?"

ज्ञानदेवांनी गिताबाईंच्या रुमालाकडं पाहिलं.

"पण म्हणून आजार खोटा होता असं धरू नका," बाई म्हणाल्या. "मोडलेला हात कुणी हलक्या हातानं धरला तर कळ कमी होते, हाड त्यानं जुळत नाही. खंड पडला नसता तर तिला शेवटी खरी कॉइल मिळाली असती. त्यानं गुण आला असता का? मला माहीत नाही. कदाचित नसताही आला. पण बघता आलं असतं. तुम्ही दोन्ही एकदम काढून घेतलंत, दिवेकर. धरलेला हातही आणि उपचारही. आणि कशासाठी? लोकांना कळू नये म्हणून. दात किडला तर तुम्ही गावभर सांगता. मेंदू काय वेगळ्या अंगाचा आहे?"

"पुन्हा कधी निघेल असं काही?"

"सांगता येत नाही. निघालं तरी यांना घेतील, असं नाही. गोळ्या चालू ठेवा. माझ्याकडं दर महिन्याला आणा. आणि गोळ्यांइतकंच ते स्टेशनं सांगणं चालू ठेवा."

परतीच्या गाडीत पोपटराव भेटला. रुमाल बघून त्याला राहवलं नाही. "आरं तिच्या! अजून दाढच का, वहिनी? डॉक्टर हाय का सुतार?"

"दाढ नाही, पोपटराव," ज्ञानदेव म्हणाले. त्यांचा आवाज डब्यात सगळ्यांना ऐकू गेला. "दाढ कधीच नव्हती. तिला मनाचा आजार आहे, नैराश्य. डोक्यावर चुंबक लावून उपचार करतात, त्या संशोधनात तिला घेतलं होतं. पोरीचं लग्न मोडेल म्हणून मी ते मधेच बंद केलं."

पलीकडच्या दोन बायका उठून दाराकडं गेल्या. पोपटराव उरुळीपर्यंत आपल्या डब्याच्या पिशवीशी चाळा करत बसला. मग पुढं झुकला, हळू बोलला.

"माझा धाकला भाऊ, भैरू. लई दिसांपासनं मागल्या खोलीतच असतो. जेवाण सरकवावं लागतं. आम्ही सांगतो, मुंबैला कामाला हाय." त्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "कुठलं हॉस्पिटल म्हणलात?"

"ते संपलं, पोपटराव."

"संपलं म्हंजी?"

"माणसं घेणं थांबलं. मशीन चाललं दुसरीकडं."

पोपटरावानं ज्ञानदेवांकडं पाहिलं, गिताबाईंकडं पाहिलं. "आन् आपण रोज समोरासमोर बसत हुतो."

"व्हय."

"मी मस्करी करत हुतो."

डॉ. शिरोळ्यांचं नाव ज्ञानदेवांनी त्याला सांगितलं, तिथं गोळ्या मिळतील असंही सांगितलं. पोपटरावानं मान हलवली. यवत आलं तेव्हा तो उतरला आणि वळून न बघता चालू लागला.

त्या संध्याकाळी वैष्णवीला शेजारी बसवून ज्ञानदेवांनी इनामगावला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. "कळवतो," एवढं बोलून पलीकडून फोन ठेवला गेला. अजून त्यांनी कळवलेलं नाही. मामांचं येणं-जाणं थांबलं आहे. गिरणीत कुणी विचारलं तर ज्ञानदेव आता आजाराचं खरं नाव सांगतात. लोक ऐकून घेतात आणि दळणाकडं बघतात.

शाळेच्या आधी ते बायकोला घेऊन केडगाव स्टेशनवर जाऊन बसतात. वरवंडहून नेताना आता आडवाट धरत नाहीत. गाडी येते, जाते. ते सांगतात, आता खुटबाव येईल, मग यवत, मग उरुळी. गिताबाई ऐकते की नाही, कळत नाही. रुमाल बांधलेलाच असतो. एकदा त्यांनी गाठ सोडायला हात पुढं केला. तिनं तो हात बाजूला सारला.

या गोष्टीतून शिकवण सांगावी, एवढा माझा अधिकार नाही. पण ज्ञानदेव जे उशिरा शिकले, ते तरी सांगितलं पाहिजे. आजाराचं खरं नाव आपण झाकतो ते आपलं घर वाचावं म्हणून. त्यानं आपलं घर तर वाचत नाहीच. समोरच्या बाकावरचं दुसरं घरही त्याच्याबरोबर बुडतं. तेव्हा आपल्या घरात असं दुखणं असेल, तर त्याचं खरं नाव वेळेवर आणि मोठ्यानं सांगा. समोर बसून हसणारा माणूस कदाचित तेच नाव ऐकायला थांबलेला असतो, आणि त्याचं स्टेशन आपल्या आधी येतं.