साहेबांचा ओटा आणि पाण्याची वाट

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चांदण्या बघायची नव्हे हां, जमिनीचा चढउतार बघायची. खरं नाव डंपी लेव्हल, पण आमच्या सिरसाळ्याकडं तीन पायांवर उभ्या राहणाऱ्या नळीला सगळे दुर्बीणच म्हणतात. मला सांगायचं लई आहे, अन् रागही लई आलाय, म्हणून मधी थांबवू नका.

माझा जन्म लांब उत्तरेकडच्या कारखान्यात झाला. पितळेचं अंग, काचेचा डोळा, अन् पाठीवर बुडबुड्याची नळी. बुडबुडा मधोमध आला की मी खरं सांगते. सरकारी खात्यात आले अन् बद्रीनाथ साहेबांच्या हाती पडले. नवेनवे इंजिनियर होते ते. तिथून आमची जोडी जमली. पाझर तलाव म्हणू नका, नाल्यांचे बांध म्हणू नका, सगळीकडं मी. जीपमध्ये मला मागं टाकायचे नाहीत, मांडीवर घ्यायचे. मग वनमालाबाई, त्यांच्या मंडळी, टोमणा मारायच्या, "माझ्यापरीस तिलाच जपता."

खरं म्हणजे साहेबांचा जीव घरात. आठवडाभर कामावर, म्हणून रविवारी अख्खं घरच कामावर न्यायचे. लहानगा तानाजी लिंबाखाली झोळीत, अन् वनमालाबाई समोर आकड्यांची पट्टी धरून उभ्या. माझ्यातून सगळं उलटं दिसतं बरं का. साहेबांना बायको डोक्यावर उभी दिसायची अन् ते एकटेच हसत बसायचे. बाईंनी मग हट्टानं मला लावायला शिकून घेतलं. एका मोठ्या पावसात साहेबांनी घातलेला बांध टिकला, तेव्हा गावकऱ्यांनी माझी पूजा केली अन् कुंकू थेट काचेवर लावलं. साहेब दुपारभर पुसत होते.

नवी यंत्रं आली, मला मोडीत काढलं. लिलावात साहेबांनीच मला घेतलं. पुढं ते निवृत्त होऊन शेतात रमले. त्या शेतात रस्त्याच्या कडेचा एक पट्टा त्यांनी कधी पेरला नाही. लोक हसायचे, इंजिनियर असून जमीन पडीक ठेवतो म्हणायचे. डोंगराचं पाणी तिथून ओढ्याला जातं, हे साहेबांनी मला लावून बघितलं होतं. त्यांचे हात थरथरायला लागले अन् मी गेले माळ्यावर, धान्याच्या पोत्यांमागं. मग साहेबही गेले.

आता ऐका, राग कशाचा ते. वर्षश्राद्धाला तानाजीनं वडिलांच्या आठवणीचा ओटा बांधायचं ठरवलं. वर छत्री, अन् छत्रीखाली सिमेंटात बसवलेली मी. जागा कुठली? तोच पट्टा! का, तर रस्त्यावरून दिसतो. पाया उकरला, मातीचा ढीग आडवा पडला. माळ्यावरून आणून मला शेजारच्या बाजेवर टाकलं होतं, तिथं मी आतल्या आत ओरडत होते. ऐकतंय कोण?

वनमालाबाई बघायला आल्या अन् जागच्या जागी थबकल्या. "तानाजी, तुझ्या अण्णांनी हितं कधी नांगर न्हाई घातला. हितून पाणी जातंय."

"कुठं हाय पाणी, आई? ठणठणीत कोरडं हाय. पावणे बोलवलेत, फ्लेक्स छापलाय."

"पाणी वळून शेजारच्या शहादेवच्या घरात शिरंल."

"शहादेव ऊसतोडीला गेलाय. त्याची काय तक्रार न्हाई."

"त्यो हितं न्हाई म्हणूनच मला बोलावं लागतंय."

अन् त्यांनी मला उचललं! पाय फाकवले, स्क्रू फिरवले, बुडबुडा बरोबर मधी आणला. मी अशी काय फुलले म्हणून सांगू. आता मी सांगणार होते. बाईंनी डोळा लावला अन् तसाच काढला. नुसतं पांढरं. माळ्यावरच्या दमटपणानं माझ्या काचेला बुरशी चढली होती. इतक्या वर्षांत त्या घरात एकानंही मला पुसलं नव्हतं.

"राहू दे आई," तानाजी म्हणाला, "तिचं बी वय झालं."

वय! फडकं मिळालं असतं तर दाखवलं असतं वय.

बाईंनी वर बघितलं. बांधकामाचा टँकर वरच्या अंगाला उभा होता. त्यांनी ड्रायव्हर हनुमानला तोटी उघडायला लावली. पाणी आपल्या वाटेनं सरळ खाली आलं, पाया भरला, मातीच्या ढिगाला टेकलं, अन् गेलं की वळून शहादेवच्या कुलूप लावलेल्या दाराकडं. हनुमाननं न सांगताच तोटी बंद केली.

तानाजी दारापुढचा चिखल बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अण्णा असते तर काय म्हणले असते गं?"

"काय न्हाई. आकड्यांची पट्टी तुझ्या हातात दिली असती."

त्याच दिवशी पाया बुजवला. श्राद्ध अंगणात झालं. फ्लेक्स मात्र लागलाच, त्यावर पाहुण्यांचे चेहरे घमेल्याएवढे अन् साहेब कोपऱ्यात. अन् मला? मला काचेच्या कपाटात बसवलं, वर बल्ब लावला. बुरशी तशीच! येणारेजाणारे म्हणतात, वा, काय जपलीय वस्तू.

मित्रांनो, हे जपणं नव्हे. कुणी गेलं की त्याचा ओटा बांधायच्या आधी विचारा, त्यानं काय मोकळं ठेवलं होतं? अन् तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर आजच खाली काढा. पूजा नको, फक्त पुसा. पावसाळा तोंडावर आलाय, वनमालाबाई पट्टा बघायला रोज जातात, अन् मला अजून काही दिसत नाही.