बदली सदस्य

प्रेमला साडीच्या काठावर इस्त्री दाबत होती, तेवढ्यात फोन वाजला. शाळेचा मेसेज. मिसेस ऑन्ग आजपासून रुजू होत आहेत, रिलीफची गरज नाही, थँक यू.

"चला, सुटलीस," खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवत तिचे यजमान दादाराव म्हणाले. त्यांना वन-नॉर्थला ऑफिसात पोचायचं होतं, तरी हिच्या फोनमध्ये डोकावल्याशिवाय पाय निघेना.

"सुटले कसली? आज पोरांचं प्रेझेंटेशन आहे."

"अगं, पण बोलावलं नाही तर पैसे कोण देणार?"

"मागतंय कोण?"

"मग ही साडी?"

"मला बघायचंय म्हणून. तुम्ही निघा, एमआरटीची गाडी चुकेल."

दादाराव निघाले. प्रेमलाने इस्त्री बंद केली नाही. राहिलेला पदर आधी पुरा केला.

सिंगापूरच्या शाळांत कायमचा शिक्षक रजेवर गेला की रिलीफ टीचर बोलावतात. प्रेमलाचं आयुष्य असं दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर गेलं होतं. बाजूला त्यांचा चहाचा मग, ड्रॉवरमध्ये त्यांच्या खोकल्याच्या गोळ्या. काम असेल त्या दिवसाचे पैसे, नसेल त्या दिवशी सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडायची. रिलीफने वर्ग शांत ठेवावा, वर्कशीट वाटावी, एवढीच शाळेची अपेक्षा. प्रेमलाला तेवढ्यावर भागवता येत नव्हतं. नागपूरला घरी बसून बाहेरून बी.ए. केलेली बाई. पुस्तक समोर दिसलं की उघडायचंच, ही खोड तेव्हाची.

मिसेस ऑन्गच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा सेकंडरी दुसरीचा वर्ग, म्हणजे आपल्या आठवीची पोरं, हिच्याकडे आला. प्रत्येक गटाला एका छोट्या देशाची संसद समजावून सांगायची होती. नुरुलच्या गटाला चिठ्ठीत लिकटेनस्टाइन आलं. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या बेचक्यात बसलेलं, राजपुत्राचं राज्य.

"चेर, हे नाव बोलतानाच टाइम संपेल, लाह," नुरुल म्हणाली होती. टीचरचं चेर आणि वाक्याच्या शेपटाला लाह, ही इथल्या पोरांची करामत.

गट पाच जणांचा. कामं वाटून झाली आणि मग श्रिया आली, मराठी घरातली, दुसऱ्या शाळेतून, उशिरा. तिला कुणी नको म्हटलं नाही, पण तिच्यासाठी काही उरलंही नव्हतं. ती पाचांच्या मागे उभी राहून सगळ्यांचं पाठ करायची. ते पाहून प्रेमलाने त्या पंचवीस सदस्यांच्या संसदेत आणखी खोल डोकं घातलं, आणि तिला तिथे बदली सदस्य सापडले. कायमचा सदस्य आला नाही तर त्याच्या जागी बसणारे, तेही रीतसर निवडलेले.

"हे तुझं," तिने श्रियाला सांगितलं होतं.

आता ते तिचं राहणार का, एवढाच प्रश्न होता.

गेटवर गार्डने छातीवर लावायला 'व्हिजिटर'चा स्टिकर दिला. "टीचर, आज व्हिजिटर?" तो हसला.

"आज पाहुणी. चहा पाजा."

हॉलमध्ये तालीम चालली होती. श्रिया पडद्यापाशी कागदाची घडी करत उभी.

"मावशी, माझा पार्ट कट केला," ती मराठीत पुटपुटली. शाळेत एरवी तीही चेरच म्हणायची.

मिसेस ऑन्ग काठी टेकत पुढे आल्या. बाई वाईट नव्हती. पाय ठणकत होता आणि हातात गुणांची यादी होती. "प्रेमला, थँक यू हां, फार छान तयारी घेतलीस. पण चारच मिनिटं आहेत. राजपुत्र, सभागृह, अधिकार, मानधन. बदली सदस्यांना मार्क नाहीत."

"त्या मुलीला तेवढंच बोलायचंय."

"स्लाइड बदलायचं काम देते ना तिला."

"स्लाइड बटण दाबूनही बदलते, मिसेस ऑन्ग."

"तू आज ड्यूटीवर नाहीस, प्रेमला." आवाज मऊच होता.

"म्हणूनच विचारते. ड्यूटीवर असते तर तुमचं ऐकावं लागलं असतं."

मिसेस ऑन्गना हसू आलं. "मग काय करायचं म्हणतेस?"

"संसद आहे ना? त्यांनाच मत घेऊ द्या. मार्क गेले तर त्यांचे जातील."

मत घेतलं. श्रियाने हात वर केला आणि स्वतःच खाली घेतला. "मला मत नाही," ती म्हणाली. "पाचही जण हजर आहेत."

"करेक्ट," नुरुल म्हणाली. ती नियमाची पक्की होती.

दोन इकडे, दोन तिकडे. उरली नुरुल. श्रियाला वेळ द्यायचा तर तिची राजवाड्याची स्लाइड जाणार होती. डोंगरावरचा वाडा, खाली द्राक्षांचे मळे. तिने ती दोन रात्री बसून सजवली होती.

"आयो," ती म्हणाली. मग हात वर केला. "वाडा काय, गूगलवर दिसतो, लाह."

प्रिन्सिपॉल आल्या, हॉल भरला. प्रेमला सवयीने स्टेजच्या कडेला शिक्षकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर टेकली होती. मिसेस ऑन्ग लंगडत तिकडे येताना दिसल्या तशी ती उठली. पाय लांब करता यावा म्हणून खुर्ची जरा तिरकी वळवली आणि त्या नीट बसेपर्यंत पाठ घट्ट धरून ठेवली. मग भिंतीला लागून उभी राहिली.

पोरांनी झकास सांगितलं. कायद्याला राजपुत्राची संमती लागते, तेही आलं. सदस्यांना पूर्ण पगार नसतो. वर्षाचं ठरावीक मानधन आणि बैठकीच्या दिवसाचा भत्ता. म्हणून जो तो आपली नोकरी सांभाळून येतो, कुणी वकिली, कुणी शाळा.

"सो लिटल, आह?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

मग श्रिया पुढे आली. कागद घडीतच राहिला.

"बदली सदस्याचं नाव फार कुणाला माहीत नसतं," ती इंग्रजीत म्हणाली. "पण बोलावलं की त्याला तयार असावं लागतं. तो त्या दिवशी बसतो, बोलतो, मत देतो. त्याला त्या दिवसाचा भत्ता मिळतो. कायमचा सदस्य परत आला की तो उठतो." ती थांबली. भिंतीकडे पाहावं असं तिला वाटलं असेल, पण तिने समोरच पाहिलं. "पण त्याने दिलेलं मत कुणी परत घेत नाही. थँक यू."

मिसेस ऑन्गनी घड्याळ पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चार मिनिटं केव्हाच उलटलेली दिसली असती.

फोटोसाठी पोरं त्यांच्या खुर्चीभोवती जमली. "चेर, कम, कम!" नुरुल ओरडत होती, पण ती नेमकी कुणाला बोलावतेय हे त्या गर्दीत कळेना. प्रेमला दाराबाहेर पडली. फोन थरथरत होता. दुसरीच शाळा.

"उद्या रिलीफला येता येईल? खेळाचा तास आहे, चालेल?"

"पळायला लागेल?"

"बहुतेक."

"मग बूट घालून येते."

पदरावरचा स्टिकर तिने काढला. इस्त्रीच्या घडीवर चिकटपणाचा चौकोनी डाग राहिला होता. नखाने खरवडून पाहिला, निघेना. मग तिने पदर कमरेला खोचला आणि बसस्टॉपकडे चालू लागली.