लाल पाटीखालचा पेरू

नाकेदार नोकरीतून निवृत्त झाले, पण नाका काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाला नाही. नाकेदार म्हणजे आमचे हे. गावात येणाऱ्या मालावर जकात घेतात त्या नाक्यावर यांची सगळी नोकरी गेली. पोती टोचून बघायची, पेट्या उघडायच्या, ट्रकच्या ताडपत्रीखाली डोकं घालायचं, यात माणूस इतका मुरला की मी बाजारातून आले तरी यांची नजर आधी पिशवीवर आणि मग माझ्यावर. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नातलं कपाट यांनी नाक्यावर अडवून धरलं होतं. नवरी वेळेवर घरात आली, कपाट दुसऱ्या दिवशी. भाऊ अजूनही यांच्याशी बेतानेच बोलतो.

तर अशा माणसाबरोबर मी परदेशी, लेकीकडे निघाले. लेक लग्न करून तिकडे गेली त्याला सहा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तिला एकदाही घरी यायला जमलं नव्हतं. कधी तिला रजा नाही, तर कधी जावयाची नोकरी बदललेली. शेवटी तिनेच आम्हाला तिकिटं पाठवली.

तिकिटं आली त्याच दिवशी यांनी त्या देशाचे नियम भाच्याकडून छापून आणवले. सोबत काय न्यायचं आणि काय नाही, हे मला रोज जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. ताजी फळं नाहीत, भाज्या नाहीत, बी-बियाणं नाही, माती नाही. चपलांच्या तळाला चिकटलेली मातीसुद्धा चालत नाही म्हणे, म्हणून यांनी दोघांच्या चपला जुन्या ब्रशने घासल्या. मग माझ्या बॅगेकडे वळले. मध काढला, कोथिंबिरीचं बी काढलं, वाळवलेली भाजी काढली, आणि लेकीसाठी मुद्दाम घातलेल्या लोणच्याची बरणीही काढली. घरचा पदार्थ म्हणजे संशयाला जागा, असं यांचं म्हणणं. मी मुकाट्याने बरणी फडताळात ठेवली आणि हे दाढी करायला बसले तशी शालीत गुंडाळून परत बॅगेच्या तळाशी घातली. यांच्याबरोबर संसार करायचा तर एवढं यावंच लागतं.

या धांदलीत आमचा पेरू गेला. परसातलं पेरूचं झाड लेकीचं. लग्नाच्या आदल्या वर्षी तिने खाल्लेल्या पेरूच्या बिया एका फुटक्या बादलीत टाकल्या, त्यातलं हे एक जगलं. बियांच्या झाडाला कधी फळ धरायचं, असं हे म्हणाले होते. त्यावर तिने यांना दम दिला होता की धरणार, आणि पहिला पेरू माझा, मी असेन तिथे पोचवायचा. झाड नुसतंच वाढत राहिलं. यंदा मात्र फुलं आली, बरीचशी गळली आणि एकच पेरू धरला. फोनवर आमची खुशाली विचारून झाली की ती त्याची विचारायची. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बघते तर फांदी रिकामी. खारीनेच नेला म्हणून तिला मी ज्या शिव्या घातल्या त्या कुंपणापलीकडे शेजारणीनेही ऐकल्या. हे पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. हूं की चूं केलं नाही.

वाटेत विमान बदललं, त्या दुसऱ्या विमानात मला पेरूचा वास यायला लागला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी भलतंच अत्तर लावलंय, असं मी यांच्या कानात म्हटलं. हे खिडकीतून ढग बघत होते.

विमानतळावर सामान ताब्यात घेतलं आणि आम्ही शेवटच्या दालनात आलो. तिथे दोन वाटा होत्या. एकीवर हिरवी पाटी, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यांच्यासाठी. दुसरीवर लाल पाटी, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी. मध्ये एक तरुण पहारेकरी जांभया देत उभा होता. आमचे पांढरे केस बघून त्याने हिरव्या पाटीकडे हात केला. तिच्यापुढे काचेचं दार होतं. कुणी बाहेर गेलं की ते उघडायचं, आणि उघडलं की पलीकडच्या गर्दीत टाचा उंचावून उभी असलेली माझी लेक दिसायची. पिवळा ड्रेस घातला होता तिने. मला तिला तिथूनच हाक मारावीशी वाटत होती.

हे जागच्या जागी थांबले.

मी चला म्हटलं. हे हलेनात. मग त्यांनी सामानाची गाडी वळवली आणि सरळ लाल पाटीकडे चालू लागले.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांनी शालीतली बरणी हुडकली आणि आता स्वतःच्या बायकोला सरकारच्या हवाली करायला निघाले. किंवा मग त्या पहारेकऱ्याचा ढिलेपणा यांना बघवला नाही आणि तपासणी कशी करतात ते आता हे इथल्या लोकांना शिकवणार. दोन्ही गोष्टी यांच्याकडून होण्यासारख्या होत्या. मी दातओठ खात मागून गेले.

लाल पाटीखाली स्टीलच्या लांबलचक टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. गळ्यात साखळीने अडकवलेला चष्मा, हातांत रबरी मोजे. त्यांची भाषा मला जेमतेम कळत होती, पण सरकारी माणूस काय विचारतोय ते कुठल्याही भाषेत समजतं. यांनी आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत आपणही याच खात्यातले, फक्त नाका लहान, असं सांगितलं. बाई हसल्या. मग तुम्हाला नियम माहीतच असतील, असं काहीसं म्हणाल्या.

"माहीत आहेत, म्हणून तर आलो," हे आधी मराठीतच बोलून गेले आणि मग त्यांच्या भाषेत.

बाईंनी आधी माझीच बॅग ओढली. शाल उलगडली, बरणी बाहेर आली. मी छताकडे बघत राहिले. बाईंनी झाकण उघडून वास घेतला, पुन्हा घट्ट लावलं आणि बरणी होती तिथे ठेवून दिली. खारवलेलं, मुरवलेलं चालतं म्हणे. त्या देशाच्या सरकारला जे चालत होतं ते आमच्या सरकारला चाललं नव्हतं. मी यांच्याकडे असा काही कटाक्ष टाकला की एरवी त्यावरून दोन दिवस भांडण चाललं असतं.

पण यांचं लक्षच नव्हतं. ते आपल्या खांद्यावरच्या पिशवीचे बंद सोडत होते. पिशवीतून निघाली मफलर, मफलरीतून लोकरीचा पायमोजा, आणि पायमोज्यातून पेरू. आमचाच पेरू. झाडावर कच्चा हिरवा होता, तो प्रवासात पिकून पिवळाधमक झाला होता. देठाला अजून एक पान होतं. वासाने ते टेबल भरून गेलं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण हे पेरूकडे ज्या नजरेने बघत होते ती बघून म्हण तशीच गिळली.

"अहो, आपल्याला सोडलं होतं ना?" मी एवढंच विचारलं. "दहा पावलांवर ती उभी होती. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"जन्मभर बघितलं ना, लोक कसं नेतात ते," हे म्हणाले. "वाटलं, लेकीसाठी एकदा आपल्यालाही जमेल. इथवर जमलं. ती पाटी बघितली आणि पाय उचलेना."

मला यांचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की दोन्हींचं काय करावं ते कळेना. मी यांची मफलर घडी करायला घेतली.

बाईंनी पेरू उचलून प्रकाशात धरला. कुणासाठी आणला, विचारलं. यांनी काचेच्या दाराकडे बोट केलं आणि झाडाची सगळी हकीकत सांगितली, बादलीसकट. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग मान हलवली. फळ आत जाणार नाही. आपणहून दाखवलंत म्हणून दंड नाही, पण फळ या टेबलापुढे जाणार नाही. आतल्या किडीने एखादी बागच्या बाग उजाड होऊ शकते, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. हे प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. त्यांच्या जागी हे असते तर हेच बोलले असते, आणि तेच यांना जास्त लागत असावं.

बाजूला पिवळं पिंप होतं. बाईंनी त्याचं झाकण उघडलं. आत टाकणार तेवढ्यात थांबल्या, आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं. खणातून कागदी ताटली आणि प्लॅस्टिकची सुरी काढली. नियम सामानाला आहे, पोटाला नाही, असं म्हणाल्या. इथेच, माझ्यासमोर खा, आणि उरेल ते पिंपात टाका.

यांनी पेरू चिरला. आतून गुलाबी. पहिली फोड यांनी बाईंपुढे धरली. त्यांनी मोजे घातलेले हात वर केले, कामावर असताना काही घेत नाही म्हणाल्या. हे खूश झाले. माणूस खात्याला शोभणारा आहे, असं मला हळूच म्हणाले.

मग आम्ही दोघांनी त्या टेबलाशी उभ्याने पेरू खाल्ला. मी आयुष्यात पुष्कळ पेरू खाल्ले, पण असा नाही. साखर झक मारेल असा गोड. हे डोळे मिटून खात होते आणि एकेक घास खूप वेळ चावत होते. देठ आणि पान पिंपात गेलं. बाईंनी टेबल पुसलं, आमच्या बॅगांवर शिक्का मारलेली चिठ्ठी चिकटवली आणि दाराकडे हात केला.

लेक धावतच आली आणि आधी मला, मग यांना मिठी मारली. सगळे केव्हाच बाहेर आले, तुम्हाला का इतका वेळ, म्हणून विचारायला लागली. मी कशाला झाकून ठेवू? तुझ्या बाबांना सोडलं होतं तरी ते उलटे फिरले, इथपासून सगळं सांगितलं. खारीला उगाच शिव्या घातल्या तेही सांगितलं. पोरगी आधी हसत होती. पेरू पिकला होता हे ऐकल्यावर हसायची थांबली.

"माझा पेरू?" ती म्हणाली. "कसा होता, बाबा?"

यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"तुरट," ते म्हणाले. "अगदी तुरट. तोंडात धरवेना. तुझं काही गेलं नाही, बाळ."

मी यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या जिभेवर अजून त्याची गोडी होती. भावाच्या लग्नातल्या कपाटासाठीसुद्धा ज्याने कुणाला खोटं बोलू दिलं नाही, तो माझा नवरा दाराबाहेर पाय पडताच धडधडीत खोटं बोलला होता, आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. सहसा मी गप्प बसत नाही, पण तेव्हा बसले.

लेकीने यांचा हात हातात घेतला होता. तो तिने नाकाशी नेला. बोटांना चिकटलेला तो घमघमाट तिच्या लक्षात न येता कसा राहील? तिचे डोळे भरले. गाडीपर्यंत तिने तो हात सोडला नाही, सामान सगळं मलाच ढकलावं लागलं.

गाडी ती चालवत होती. हे तिच्या शेजारी, मी मागे लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन. पहिल्या चौकात गाडी थांबली तशी ती समोर बघतच म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येते. झाडाखाली उभी राहून खाते. तुरट तर तुरट."

यांनी पुन्हा चष्मा पुसला. मग घसा खाकरला.

"खारीपासून जपायला हवं," ते म्हणाले.

"खारीवर माझी नजर आहे," मी मागून म्हटलं.