बैठकीच्या खोलीतली क्रेन

क्रेनवाली बाई त्या दिवशी घरातल्याच बैठकीच्या खोलीत कामाला बसली. अकरा वर्षं तिने बंदरावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून कंटेनर उचलले. दोन महिने तिकडे, आठ दिवस घरी, असा तो संसार. आता कंपनीने नवी टूम काढली होती: क्रेन बंदरावर आणि चालवणारी घरी, पडद्यासमोर. आज सुट्टीचा आठवा दिवस आणि परीक्षा. तीन कंटेनर तीन ट्रकांवर नीट बसवले की कायमची घरी. एक जरी आपटला, तर उचला बोचकं आणि चला परत.

धक्क्यावर मुकादम उभा होता. त्याला हे थेर मुळीच पसंत नव्हते. "उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार आहे हा," तो कानातल्या यंत्रातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. परीक्षा घेणारे साहेब तिसऱ्याच गावातून पाहत होते. ते नुसते खाकरले.

पहिला कंटेनर अलगद बसला. नवऱ्याने दाराच्या फटीतून अंगठा दाखवला आणि तिने डोळे वटारताच गायब झाला.

दुसरा मात्र हवेत झोके खाऊ लागला. केबिनमध्ये वारा तिला पाठीला कळायचा. खुर्ची थरथरली की हात आपोआप सावध व्हायचे. इथली मेली खुर्ची ढिम्म. पडद्यावर वाऱ्याचा आकडा होता, पण आकडा काय अंगाला लागतो? तिने कंटेनर अधांतरीच थांबवला.

"मुकादम, वारा कसा आहे?"

"समोर आकडा दिसत नाही का?"

"आकडा दिसतो हो, झुळूक कळत नाही. तुम्ही तिथे आहात, मी नाही. सांगा ना."

साहेब आता काय लिहून घेतील, या विचाराने तिचे कान तापले. मुकादमाने गळ्यातला रुमाल सोडला आणि कॅमेऱ्यासमोरच्या खांबाला बांधला.

"हा बघ. फडफडला की थांब, लोंबला की सोड."

रुमाल फडफडला, ती थांबली. लोंबला, तिने कंटेनर खाली सोडायचा दांडा पुढे केला. दुसरा टेकला, मग तिसराही. साहेब म्हणाले, "पास." तिला इतका आनंद झाला की खुर्चीतून उठताच येईना.

"उद्या मोठा रुमाल आणतो," मुकादम गुरगुरला. "हा नाक पुसायचा आहे."

ती बाहेर आली. लेक नुकतीच शाळेतून येऊन बूट काढत होती. सुट्टी संपत आली की ती जो प्रश्न विचारायची, तोच तिने खाली बघत विचारला. "आई, कामावर कधी जाणार?"

"आत्ताच जाऊन आले की!"

लेकीने मान वर केली. आईकडे पाहिलं, उघड्या दारातून पडद्यांकडे पाहिलं, परत आईकडे पाहिलं.

"म्हणजे उद्या वेणी तू घालशील? बाबा वाकडी घालतात."

"रोज घालीन."

पण उद्यापर्यंत थांबायला ती कसली तयार! एक बूट पायात तसाच ठेवून ती आईकडे पाठ करून बसली आणि रिबीन सोडू लागली.